वाड्यातली पंधरा मिनिटांची फिल्म: भाड्याचा कॅमेरा की घरचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा ग्रुप, सगळे एकांकिका केलेले. कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात पंधरा मिनिटांची फिल्म करायची आहे. आजी आणि नातू, दोनच पात्रं, आणि शेवटचा प्रसंग दिवे गेल्यानंतरचा. खिशात २५,००० रुपये. हाताशी कॅननचा ७०० डी, त्याची १८-५५ची किट लेन्स, एक ५० मिमी एफ १.८ आणि दोन बरे फोन. मोठा सिनेमा कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणायचा तर लेन्स आणि असिस्टंटसकट १४,००० सांगितले आहेत. घ्यावा का? नाही घेतला तर लाइट, स्लायडर (कॅमेरा सरकवायची गाडी), बूम (लांब दांड्यावरचा माइक) यांतलं घरी काय बनवता येईल? आणि अंधारातला प्रसंग कसा काढायचा?

भाड्याने घेऊ नका. गेली वीस वर्षं मी पुण्यात अशाच छोट्या फिल्म्स करतो आहे, काही स्वतःच्या, बऱ्याच दुसऱ्यांच्या. तो कॅमेरा उत्तमच आहे, त्यावर वाद नाही. पण तो शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे येणार आणि रविवारी रात्री परत जाणार. त्या दोन दिवसांत तुम्ही त्याचा मेन्यू शिकणार, आजींचं काम करणाऱ्या बाईंना सांभाळणार, ऊन पकडणार आणि शेजारचा कुकर थांबायची वाट बघणार. ७०० डी मात्र आत्ता या क्षणी तुमच्या कपाटात आहे. उद्या सकाळी वाड्याच्या चौकात ऊन कितीपर्यंत उतरतं ते शूट करून बघता येईल. परवा नातवाला घेऊन जिन्यावरचा प्रसंग नुसता चालून बघता येईल. एकांकिकेला तुम्ही महिनाभर तालमी करता. तशीच तालीम कॅमेऱ्याचीही व्हायला हवी, आणि ती घरच्याच कॅमेऱ्यावर होते.

मी हे पैसे घालवून शिकलो. पहिल्यांदा चांगला कॅमेरा एका दिवसासाठी आणला तेव्हा त्याची व्हिडिओ सिस्टिम एनटीएससीवर, म्हणजे ६० हर्ट्झ विजेच्या देशांसाठीच्या सेटिंगवर होती. मी ती तपासलीच नाही. एका मेसमध्ये ट्यूबलाइटखाली दिवसभर शूट केलं. छोट्या स्क्रीनवर काही दिसलं नाही. घरी कॉम्प्युटरवर लावलं तर प्रत्येक शॉटमध्ये अंधाराचे पट्टे हळूहळू वर सरकत होते. दिवस गेला आणि मेसवाल्यांनी दुसऱ्यांदा जागा दिली नाही.

म्हणून पहिलं काम आजच करून टाका. मेन्यूत जाऊन व्हिडिओ सिस्टिम पाल (५० हर्ट्झ विजेसाठीची) करा, फ्रेम रेट २५ आणि शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि १/५० किंवा १/१०० या शटरशी त्याचा मेळ बसतो. १/६०ला बसत नाही. काही स्वस्त एलईडी बल्ब १/५०लाही फडफडतात, म्हणून वाड्यात नेण्याआधी प्रत्येक बल्ब कॅमेऱ्यासमोर धरून बघा. उघड्या चौकात १/५०वर फ्रेम पांढरी पडेल. तिथे शटर वाढवू नका, हालचाल तुटक दिसते. लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, तो फारसा महाग नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर आजी ओसरीवरून माजघरात गेल्या की त्यांचा चेहरा वाटेतच रंग बदलेल. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, कॉन्ट्रास्ट सगळ्यात कमी, शार्पनेस शून्य. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, शक्यतो १६००च्या पुढे नेऊ नका. आणखी एक गोष्ट कपडे निवडण्याआधी लक्षात घ्या: ७०० डी व्हिडिओ काढताना सेन्सरच्या सगळ्या ओळी वाचत नाही, त्यामुळे बारीक रेघांवर इंद्रधनुषी लाटा उठतात. बारीक चौकड्यांचा शर्ट, बारीक पट्ट्यांचं लुगडं, लांबून दिसणारी कौलं, सगळीकडे हा त्रास होतो. नातवाला साधा एकरंगी शर्ट द्या. कौलं दाखवायचीच असतील तर ती थोडी फोकसबाहेर ठेवा.

आता तुमच्या प्रश्नात जे नव्हतं आणि ज्यावर माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे जायला हवेत, ते म्हणजे आवाज. थोडं खरखरीत, थोडं अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. आजी काय म्हणाल्या हे कळलं नाही की तो दोन मिनिटांत उठतो. ७०० डीला माइकची पिन आहे, पण हेडफोनची नाही. म्हणजे कॅमेऱ्यात काय रेकॉर्ड होतंय हे शूट चालू असताना ऐकायला मार्ग नाही. कॅमेऱ्याचा आवाज फक्त चित्र आणि आवाजाच्या जुळवणीसाठी ठेवा आणि खरा आवाज वेगळा घ्या.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे वायरचा कॉलर माइक. हजाराच्या आत चांगला मिळतो, वायर सहा मीटर असते. तो नातवाच्या शर्टाच्या आत लावायचा आणि फोन त्याच्या खिशात, फ्लाइट मोडवर, रेकॉर्डिंग चालू. नव्या फोनला गोल पिन नसते, त्याचं कन्व्हर्टर आधीच घेऊन ठेवा आणि त्यातून माइकचाच आवाज येतोय ना, फोनच्या स्वतःच्या माइकचा नाही ना, हे माइकवर नखाने टकटक करून तपासा. आजींच्या बाबतीत मी कॉलर माइक टाळला असता. नऊवारीचा पदर माइकवर घासतो आणि तो आवाज नंतर कशानेही निघत नाही. त्यांच्यासाठी बूम हवा.

बूम बनवायला सोपा आहे. रंगारी रोलरला लावतात तो लांबणारा ॲल्युमिनियमचा दांडा घ्या. चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन बोटं रुंदीचा तुकडा कापा, त्याला चार भोकं पाडून रबरबँड फुलीसारखे ताणा आणि माइक त्या फुलीत अडकवा, म्हणजे दांड्यावर सरकणाऱ्या हाताचा आवाज माइकपर्यंत जात नाही. वारा अडवायला लांब केसांचं खोटं फर, जुन्या टेडीचं कापलंत तरी चालेल. माइक मात्र घरी बनवायचा नाही. छोटा शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज पकडणारा) आणि साधा रेकॉर्डर मित्राकडून मिळाले तर उत्तम, नाहीतर भाड्याने घ्या. भाड्याने आणायची गोष्ट असेल तर ती ही.

आणि दांडा धरणारा माणूस नीट निवडा. माइक तोंडापासून हात-दीड हातावर, फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने खाली येतो आणि खोलीचा घुमार मात्र तेवढाच राहतो. त्या माणसाला संवाद पाठ हवेत, म्हणजे कोण कधी बोलणार हे त्याला आधी कळतं. एकांकिकेत प्रॉम्प्टिंग केलेला तुमचा मित्र या कामासाठी सगळ्यात योग्य. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठं वाक्य उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल बंद करा. ते चालू राहिलं तर शांततेच्या जागी ते आपोआप आवाज वाढवतं आणि दोन वाक्यांमध्ये गल्लीतली रिक्षा खोलीत येते.

वाड्याची रेकी, म्हणजे आधीची पाहणी, करताना आधी डोळे मिटून बसा. ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी, माजघरात, दहा मिनिटं. पारवे कुठे बसतात, सोसायटीचा पंप कधी लागतो, समोरच्या देवळात आरती किती वाजता, खालच्या बिऱ्हाडाचा कुकर कधी. हे सगळं कागदावर लिहून काढा आणि शूटिंगचं वेळापत्रक त्या कागदाभोवती बेता. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोल-ताशांच्या तालमी चालू होतात आणि नदीपात्रातला आवाज पेठांपर्यंत येतो, म्हणून त्या काळात संवादाचं शूट धरूच नका. पंखा बंद करावा लागेल. फ्रिजही बंद करावा लागेल, आणि तो बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्या. घरी निघताना किल्ली शोधायला लागाल तेव्हा फ्रिज चालू करायचा राहिला हे आपोआप आठवेल. ज्यांनी घर दिलं त्यांचं दूध-भाजी नासवणं बरं नाही.

माजघराच्या भिंती मातीच्या, लाकडी तुळयांच्या असतील तर घुमार कमीच असेल. दगडी फरशीचा मात्र त्रास होतो. त्यावर गोधड्यांइतकं चांगलं औषध मला अजून मिळालेलं नाही. कॅमेऱ्याच्या मागे दोरी बांधा, तिच्यावर दोन जाड गोधड्या वाळत घातल्यासारख्या टाका, एक खाली अंथरा. हेडफोन लावून गोधडी टाकण्याआधीचं आणि नंतरचं वाक्य ऐका, फरक लगेच कानात भरेल. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये वाक्यांच्या मधल्या फटी त्यानेच बुजवायच्या असतात.

क्लॅपबोर्ड विकत घेऊ नका. शाळेची पाटी, वरच्या कडेला बिजागरीने बसवलेली लाकडी पट्टी आणि खडू. दृश्य, शॉट, टेक लिहायचं, तोंडाने बोलायचं आणि पट्टी आपटायची. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हीकडे तो ठोका आला की जुळवणी अर्ध्या मिनिटात होते.

आता उजेड. तुमच्याकडे चौक आहे, आणि चौक म्हणजे फुकटचा स्टुडिओ. सत्यजित राय यांच्या १९५६च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला होता. मोकळ्या आभाळातून उतरणारा सावलीविरहित उजेड हवा होता, म्हणून रायांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. याच सुब्रत मित्रांनी रायांची पहिली फिल्म शूट केली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि मूव्ही कॅमेरा त्याआधी त्यांनी चालवलेला नव्हता. तुमच्याकडे खरा चौक आहे आणि खरं आभाळ आहे. दुपारी ऊन थेट उतरेल तेव्हा वर मांजरपाटाचं किंवा मलमलीचं कापड ताणा, जितकं मोठं ताणता येईल तितकं. आजींच्या चेहऱ्यावरच्या काळ्या सावल्या जातील आणि सुरकुत्या सुंदर दिसतील.

माजघरात अंधार असतो, आणि तिथे दिवे लावायच्या आधी आरसा वापरून बघा. कपाटाच्या दाराचा मोठा आरसा चौकात उन्हात ठेवा, कवडसा दारातून आत घ्या आणि आतल्या भिंतीला टेकवलेल्या पांढऱ्या सनबोर्डवर पाडा. सनबोर्ड फ्लेक्सच्या दुकानात मिळतो, कधी जुना फुकटही देतात. त्या बोर्डावरून परतणारा उजेड खिडकीतून आल्यासारखाच दिसतो. फक्त एक माणूस आरशापाशी बसवावा लागेल. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे पाच मीटर लांब पडलेला कवडसा दहा मिनिटांत साधारण वीतभर सरकतो. दर टेकला आरसा किंचित वळवायचा, खुणेसाठी बोर्डावर पेन्सिलची फुली करून ठेवायची. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगलंत तर चेहऱ्याला खोली येते. नवखी मंडळी उजेड वाढवण्याच्या मागे असतात, पण नको तो उजेड काढून टाकणं तितकंच महत्त्वाचं असतं, आणि काळं कापड लक्ष्मी रोडवर मीटरवर मिळतं.

दिवे लागतीलच तिथे एलईडी बल्ब. तपकीर गल्लीत बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) किती आहे ते बघा, ९० किंवा वर असलेलाच घ्या. साधे बल्ब ८०च्या आसपास असतात आणि त्यांत कातडी हिरवट दिसते. दिवाळीचा पांढरा कागदी आकाशकंदील माळ्यावर असेल तो काढा. त्यात २० वॉटचा बल्ब सोडून तुळईला टांगला की खोलीभर मऊ उजेड पडतो, आणि फ्रेमच्या वर तो लपतोही सहज.

हॅलोजन मात्र वाड्यात आणायचा नाही. यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही. एका शूटला माझ्या डोळ्यांसमोर ५०० वॉटच्या हॅलोजनवर लावलेला बटर पेपर आधी तपकिरी झाला आणि मग पेटला. ती सिमेंटची खोली होती, म्हणून ओल्या पोत्यावर भागलं. तुमच्या वाड्यात तुळया, तक्तपोशी, जिना सगळं दोनेकशे वर्षं वाळलेलं लाकूड आहे, आणि वर माणसं राहतात. वायरिंगही जुनं असणार. साध्या छोट्या सॉकेटमधून फार तर १३०० वॉट ओढता येतात, जुन्या वायरिंगवर तेवढेही नकोत. एलईडीत तुमचं सगळं काम दोनशे वॉटच्या आत होईल. तरीही अर्थिंगची तीन पिनी एक्सटेन्शनच वापरा, वायर फरशीला टेपने चिकटवा आणि वाळूची बादली दारात ठेवा.

हलत्या शॉटची सामग्री बनवायला सगळ्यांना फार आवडतं, मलाही आवडतं. आपल्याकडे ती परंपराच आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूव्ही कॅमेरा स्वतः घडवला, विष्णुपंत दामले त्या खटाटोपात त्यांच्या जोडीला होते. तेच दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, प्रभात १९३३ला पुण्यात आली, आणि तिच्या जागेवर आज लॉ कॉलेज रोडची एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, उभी आहे. तेव्हा ठोकाठोक करताना कमीपणा मानू नका. पण आधी शॉटची यादी करा आणि बघा, हलता शॉट खरोखर कितींदा लागतो. पंधरा मिनिटांच्या अशा गोष्टीत तीन, फार तर चार. तेवढ्यापुरतंच बनवा.

घरात गुळगुळीत फरशी असती तर मी पाटाखाली टर्किश टॉवेल घालून कॅमेरा ओढा म्हटलं असतं. फार सुंदर लो अँगल शॉट येतात. वाड्यात शहाबादी फरशी असणार आणि तिच्या प्रत्येक सांध्यावर पाट अडखळणार. म्हणून स्लायडर. २५ मिमी जाडीचे स्टीलचे दोन सरळ पाइप, तीन-तीन फुटांचे, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्यात बसवलेले. वर प्लायची सहा बाय आठ इंचांची गाडी, तिच्या खाली दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा अँगल, आणि अँगलच्या दोन पात्यांवर समोरासमोर बेअरिंग, म्हणजे पाइप त्यांच्या बेचक्यात बसतो. चार कोपरे, आठ बेअरिंग. बोहरी आळीत ‘६०८’ एवढंच सांगा. स्केटच्या चाकात असतं तेच, आठ मिमीच्या बोल्टवर बसतं. पाइप घेताना काचेवर लोळवून बघा. जराही वाकडा असेल तर खडखडेल, आणि तो प्रत्येक शॉटमध्ये दिसेल. गाडी हाताने ढकलू नका, जाड रबरबँड अडकवून रबराने ओढा. हाताचा हिसका रबर गिळतो.

कॅमेऱ्याच्या बोल्टपाशी सगळ्यात जास्त लोक चुकतात. कॅमेऱ्याच्या बुडाचं स्क्रूचं भोक पाव इंची असतं, इंचाला वीस आटे. दुकानदाराला ‘दोन सुती, इंची आट्याचा’ असं स्पष्ट सांगा. नुसता ‘एवढा बोल्ट द्या’ म्हणालात तर तो सहा एमएमचा देईल. दिसायला सारखाच, पहिले एक-दोन वळसे जातोही, मग ओढून बसवला की कॅमेऱ्याचे आटे खाऊन टाकतो. दुकानातच ट्रायपॉडच्या स्क्रूला लागेल असा एक नट मागून घ्या आणि बोल्ट त्यात पूर्ण फिरवून बघा. लांबीही मोजा. प्लायच्या वर बोल्ट पाच मिमीपेक्षा जास्त येता कामा नये. जास्त आला तर वॉशर घालून कमी करा, नाहीतर तो भोकाच्या तळाला टेकून आतून तोडेल. खरं तर जुन्या ट्रायपॉडचं डोकं बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळालं तर तेच गाडीवर बसवा, म्हणजे कॅमेरा वरखालीही करता येतो.

बाकी फार काही लागत नाही. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही टोकं शिवली की ट्रायपॉडवर टाकायचं वजन होतं. अर्धी भरलेली ज्वारीची पिशवी खिडकीच्या चौकटीवर, उंबऱ्यावर, जिन्याच्या पायरीवर ठेवली की कॅमेरा तिच्यात रुतून बसतो. घरी स्टेडीकॅम (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) बनवायच्या फंदात पडू नका. बनतो, पण तो सराईतपणे चालवायला महिने लागतात.

लेन्सबद्दल. तुमची ५० मिमी या कॅमेऱ्यावर ८० मिमीसारखी दिसते, वाड्याच्या लहान खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकली तरी आजी गळ्यापासून वरच येतील. क्लोजअपसाठी ती उत्तम. माजघरातले सगळे मोठे शॉट एकाच दिवशी ठेवा आणि त्या दिवसापुरती २४ किंवा ३५ मिमीची उजळ, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स भाड्याने आणा. फोनवर शूट करू नका, निदान याच फिल्ममध्ये मिसळू नका. फोनचे रंग वेगळे, आणि बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे वेगळा घेतलेला आवाज हळूहळू सरकत जातो.

पैसे मी असे वाटले असते. आवाजाला ५,०००. जेवण, चहा, प्रवास ८,०००, कारण पोटभर जेवलेली माणसं संध्याकाळी सहाला पण नीट काम करतात आणि आजींना घरून रिक्षाने आणायचं-सोडायचं आहे. हार्ड डिस्क ४,५००. बल्ब, सनबोर्ड, कापड, एनडी ३,०००. स्लायडर आणि बूम १,५००. उरलेले ३,००० लेन्सच्या भाड्याला आणि अडीअडचणीला. रोज रात्री कार्ड लॅपटॉपवर आणि डिस्कवर, दोन्हीकडे उतरवायचं, दोन्हीकडच्या दोन-चार फाइल उघडून बघायच्या, मगच फॉरमॅट. हे काम एकाच माणसाचं, आणि ते दमल्यावर न विसरणाऱ्याचं. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर आहे. वाड्याच्या मालकांकडून आणि बिऱ्हाडकरूंकडून तारखांसकट लेखी परवानगी घ्या. गल्लीत ट्रायपॉड लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी लागते. नातू शनिवारवाड्यात बसलेला दाखवायचा असेल तर ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, तिथे वेगळी परवानगी, आणि तुमच्या गोष्टीला ती जागा लागतच नाही.

आता दिवे गेल्याचा प्रसंग. तो पूर्ण रात्री शूट करू नका. या कॅमेऱ्याला काळ्या आभाळात काही दिसत नाही आणि फ्रेममध्ये नुसता काळा चिखल होतो. कातरवेळ वापरा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चौकावरचं आभाळ निळं असतं, आणि तेच निळं ओसरीवर उतरतं. आजी ओसरीवर, पाठीमागे चौक, हातात कंदील. कंदिलात रॉकेल नको, आत पॉवर बँकेवर चालणारा छोटा पिवळा बल्ब, वायर मुठीतून बाहीत. त्याच बाजूला फ्रेमबाहेर ९ वॉटचा २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, बल्ब बटर पेपरमागे, म्हणजे चेहऱ्यावरचा उजेड कंदिलाचाच वाटेल. त्याच्यासमोर एकाने बोटं हळू हलवत ठेवली की ज्योत थरथरल्यासारखी वाटते, पण अगदी थोडं, लक्षात येणार नाही इतकंच. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. ७०० डीवर आकडा थेट टाकता येत नाही, म्हणून टंगस्टनचं सेटिंग घेऊन व्हाइट बॅलन्स शिफ्टने ते अंबरकडे सरकवा आणि तालमीच्या संध्याकाळी एकदाच ठरवून टाका. म्हणजे कंदील पिवळा राहतो आणि चौक निळा. ५० मिमी, एफ २ च्या आसपास, आयएसओ १६००. दर दोन-तीन मिनिटांनी आभाळ उतरत जाईल तसा चेहऱ्यावरचा बल्ब थोडा मागे न्यायचा, नाहीतर शेवटच्या टेकला मागच्या चौकापुढे चेहरा फार उजळ दिसेल.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता सगळे जागेवर, तालीम उजेडातच, कॅमेरा लावलेला, फोकसच्या जागी फरशीवर खडूची खूण. एका संध्याकाळी तीन टेक मिळतात, त्यांतला पहिला बहुधा जास्त उजेडाचा असतो. भाड्याच्या कॅमेऱ्यावर तुम्हाला दोन संध्याकाळी मिळाल्या असत्या, म्हणजे सहा टेक. घरच्या कॅमेऱ्यावर दोन आठवड्यांचे शनिवार-रविवार धरले तर चार संध्याकाळी आणि बारा टेक, आणि त्यात एखाद्या दिवशी ढग आले किंवा आजींना बरं नसलं तरी पुढचा शनिवार आहेच.